पंधरा नंबरची जर्सी

माझा आवाज मोठा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी भाव करून तयार झालेला घसा सिंगापूरच्या तोआ पायोहला आला म्हणून बारीक होत नाही. चौदा वर्षं झाली इथे येऊन. शैलेंद्र, म्हणजे माझा नवरा, अजूनही म्हणतो की संजीवनी, तुला पुण्याला फोन करायची गरज नाही, नुसती खिडकी उघड.

त्या शनिवारी सकाळी अनुयाने, आमच्या लेकीने, उठल्याउठल्या मला बजावलं, "आई, यू कॅन कम. बट डोन्ट शाउट, कॅन?"

"मराठीतून ओरडले तर? कुणाला काय कळतंय?"

ती दात घासता घासता थांबली. विचार केला आणि हसली. "मराठी कॅन लाह." म्हणजे इथल्या बोलीत, चालेल.

सिंगापूरला राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो हेच म्हणेल. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, समोर बसलेल्या बाईच्या केसांच्या रंगाबद्दल आम्ही तिच्या तोंडावर बोलतो. लिफ्टमध्ये चार परक्या माणसांच्या मधे उभं राहून सासरच्यांची उणीदुणी काढतो. तमिळ इथे पुष्कळांना कळतं, हिंदीही कळते. मराठी मात्र आम्ही घरातल्या बंद खोलीसारखी वापरतो. शाळेपासून अनुयाच्या प्रत्येक बास्केटबॉल सामन्यात मी मराठीतून ओरडत आले होते, आणि ती चेंडू हातात आला की आधी माझ्याकडे बघत आली होती.

आणि हा सामना साधा नव्हता. तसा तो लीगमधला नव्हता. लीग सुरू व्हायला तीन आठवडे होते, निकाल कुठे धरला जाणार नव्हता. पण कॉलेजच्या मुलींच्या टीमला जर्सी बाराच, चार नंबरपासून पंधरापर्यंत. कोच गोह यांनी अकरा मुली डिसेंबरातच पक्क्या केल्या होत्या. बारावी, पंधरा नंबरची, त्यांनी अनुयाला फक्त या सामन्यापुरती घालायला दिली होती. यादी लावणं, भाषण करणं हा त्यांचा स्वभावच नाही. सामना संपला की ते एक निळी पिशवी घेऊन दारात उभे राहतात. ज्या मुलीपुढे पिशवी धरली, तिने जर्सी त्यात टाकायची आणि राखीव खेळाडूंत जायचं. जिच्यापुढे धरली नाही, तिने ती घरी नेऊन धुवायची. ज्यांची जर्सी घरी धुतली जाते ती टीम.

कॉलेज दोनच वर्षांचं. पहिलं वर्ष अनुयाने दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरण्यात काढलं होतं. हे शेवटचं. रात्रभर ती जर्सी तिने खुर्चीच्या पाठीवर लावून ठेवली होती, इस्त्री मोडायला नको म्हणून.

दुपारी तीनला आम्ही कॉलेजच्या हॉलमध्ये पोचलो आणि मला एकदम हुरूप आला. घरचं मैदान म्हणजे काय ते तिथे कळत होतं. मुलामुलींनी बादल्या उलट्या करून ढोल केले होते. बुटांचा चर्रचर्र आवाज, घामट गरम हवा, वर नुसतेच फिरणारे पंखे. आम्ही दुसऱ्या रांगेत, कोर्टाच्या अगदी कडेला बसलो. समोरची टीम बुकित तिमाहच्या एका इंटरनॅशनल शाळेची. त्यांच्या सात नंबरवर माझी नजर गेली, कारण तीच अनुयाला अडवायला उभी राहिली होती. सावळी, ताडमाड, केस घट्ट बांधलेले. त्या शाळेत जगभरची मुलं. मी तिला ब्राझीलची ठरवून टाकलं.

अनुया पहिल्या पाचांत नव्हती. सहाव्या मिनिटाला गोहनी तिला बोट दाखवलं आणि मी पुढे सरकून बसले. ती धावत आत गेली, चेंडू मिळाला, तिने माझ्याकडे पाहिलं. मी आधीच सगळं हेरून ठेवलं होतं.

"डावीकडून जा," मी ओरडले. "ती ताडमाड बया डावीकडे कच्ची आहे."

अनुया डावीकडे वळली. सात नंबर तिच्याआधी तिथे उभी. चेंडू गेला.

बरं, होतं असं. पुढच्या वेळी मी ओरडले, "थांब, हूल दे आणि उजवीकडून काढ." सात नंबर हुलीला फसलीच नाही. आरामात उजवीकडे सरकली आणि अनुयाच्या हातातून चेंडू असा घेतला की जणू हिने आणून दिला. मग मी सांगितलं, "कुणाला पास नको देऊ, तूच मार, कोचला दिसू दे." अनुयाने चेंडू उचलला तेव्हा ती बया दोन्ही हात वर करून हवेत होती. बादल्यांचे ढोल गप्प झाले. माझा पारा चढत गेला. "उंची दिलीय देवाने, अक्कल उरली नसेल तरी चालतंय हिचं," असंही मी म्हणाले. मोठ्यांदा.

"हळू," शैलेंद्र म्हणाला.

"कुणाला कळतंय?"

मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. अनुयाने एकही बास्केट केली नव्हती, चार वेळा चेंडू घालवला होता. गोहनी तिला बाकावर बसवलं होतं आणि त्यांची निळी पिशवी खुर्चीखालीच होती, मला दिसत होती. मी तणतणत पाण्याच्या कूलरपाशी गेले. तिथे सात नंबर बाटली भरत होती. तिने मला जागा करून दिली आणि अगदी अदबीने म्हणाली,

"काकू, मी डावीकडे कच्ची नाहीये. गेल्या महिन्यात पाय मुरगळला होता, म्हणून तशी वाटते."

माझ्या हातातला कागदी ग्लास तिरका झाला. पाणी चपलेवर सांडलं.

"तू... मराठी?"

"ऋता. औंधची. बाबांची इथे बदली झाली, जूनमध्ये आलो." तिने बाटलीचं झाकण लावलं. "तुम्ही फार छान सांगता. मला खूप मदत झाली."

चिडवत होती की खरंच म्हणत होती, कुणास ठाऊक. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. ते अक्कल वगैरे बोलल्याबद्दल काहीतरी पुटपुटले, तर ती म्हणाली, "असू दे हो, आजीसुद्धा तेच म्हणते," आणि पळाली.

लाज वाटली ती वेगळीच, पण खरी भीती पुढे होती. माझ्या लेकीला मीच बुडवलं होतं. जे गुपित म्हणून ओरडत होते ते मी थेट समोरच्या टीमच्या कानात सांगत होते. मी धावत बाकापाशी गेले. अनुयाला सांगितलं. तिचे डोळे विस्फारले.

"आई. सगळं?"

"सगळं."

"देन यू डोन्ट से एनीथिंग. अजिबात नाही. प्लीज लाह." एवढं म्हणून ती पुन्हा कोर्टाकडे तोंड करून बसली. रागावली असती तर परवडलं असतं.

जागेवर येऊन मी शैलेंद्रपुढे हात पसरला. पुण्याहून आणलेल्या आवळासुपारीची पुडी त्याच्या खिशात कायम असते. मूठभर तोंडात कोंबली आणि ओठ मिटले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप तर नाही ना हे बघतोय.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये कर्णधार सु यिनने एकटीने किल्ला लढवला. सहा फुटी, शांत मुलगी. रिंगखाली उभी राहायची आणि मिळेल तो चेंडू आत टाकायची. नऊचे पाच झाले, पाचाचे तीन. ढोल पुन्हा सुरू झाले. शेवटच्या क्वार्टरला आमच्या एका मुलीचे पाच फाउल भरले, ती बाहेर गेली, आणि गोहनी इकडेतिकडे बघून अनुयाला उठवलं.

आता मला एक गोष्ट दिसायला लागली, जी ओरडताना कधी दिसली नव्हती. चेंडू हातात आला की अनुया माझ्याकडे बघायची. अर्धा क्षण, पण बघायची. मग आठवायचं, मान वळवायची, तोपर्यंत जागा बंद. इतकी वर्षं हा अर्धा क्षण मीच खात होते. आणि दुसरी गोष्ट अशी की ऋतासुद्धा बघत होती. मी गप्प बसेन यावर तिचा काही विश्वास बसला नव्हता.

वीस सेकंद उरले. एक्कावन्न-पन्नास, आम्ही एकाने मागे. अख्खा हॉल उभा. बादल्या इतक्या जोरात बडवत होते की एक फुटली. टाइमआउटनंतर चेंडू कडेने आत आला आणि सरळ अनुयाकडे, माझ्यापासून आठ हातांवर. समोर ऋता, वाकून, हात पसरून. मागून गोह काहीतरी ओरडत होते, ते ढोलांत बुडालं.

अनुयाने माझ्याकडे पाहिलं. ऋतानेही पाहिलं.

मी ओरडणारच होते. 'तूच मार' हे दोन शब्द जिभेच्या टोकावर आले होते, ओठ उघडले होते, आवळासुपारी ओढणीवर सांडली होती. पास दिला तर कोचला काय दिसणार, जर्सी जाणार, एवढंच डोक्यात. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. इतके की दात ओठांत रुतले.

अनुयाने ते हात पाहिले आणि नजर काढून घेतली. ऋता मात्र तशीच राहिली, मान किंचित माझ्याकडे, आज्ञा ऐकायला थांबल्यासारखी. आज्ञा आलीच नाही. तेवढ्यात अनुया तिच्या उजव्या खांद्याला घासून निघून गेली होती. एक टप्पा, दुसरा टप्पा, रिंगपाशी दोन उंच मुली तिच्या अंगावर धावल्या, मी मनात किंचाळले मार, मार, आणि तिने मारला नाही. चेंडू त्या दोघींच्या हातांखालून मागे सरकवला. तिथे सु यिन एकटी उभी होती. सु यिनने उडी न मारताच तो आत ठेवला.

बावन्न-एक्कावन्न, आणि भोंगा.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी शेजारच्या अनोळखी चिनी आजोबांना मिठी मारली एवढं शैलेंद्र सांगतो.

मुली हात मिळवत होत्या तेव्हा ऋता आमच्याकडे आली. घामाने निथळत होती.

"काकू, शेवटी तुम्ही काहीच बोलला नाहीत," ती म्हणाली. "मी वाट बघत होते."

"जेवायला ये घरी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आईबाबांना घेऊन ये. पुढच्या रविवारी."

मग दारात गोह येऊन उभे राहिले, हातात निळी पिशवी. मुली एकेक करून त्यांच्यासमोरून जात होत्या. मी शैलेंद्रचं मनगट धरलं. अनुया शेवटची होती. ती त्यांच्यापुढे थांबली आणि स्वतःच जर्सीचा काठ धरून वर ओढायला लागली, आत टीशर्ट होताच. तिला वाटलं होतं की बास्केट एकही नाही, आता काढायचीच. गोहनी पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि दुसरीकडे बघत दिवे बंद करायला गेले.

ती तशीच उभी राहिली, अर्धी जर्सी वर ओढलेली. मग धावत आमच्याकडे आली. कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं आणि हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही, कारण मीही दोन्ही करत होते.

"आई," ती माझ्या खांद्यात म्हणाली, "गार पाण्यात धुवायची हं. रंग जातो म्हणे."

मी मान हलवली. मशीनला लावणार नव्हतेच मी ती.