बारावा बिल्ला

वर टॉवरच्या झाकणाचे बोल्ट आवळायला घेतले होते आणि ती काकांचा बिल्ला मुठीत धरून शिडी उतरत होती.

तिचं काम तसं सोपं. रिफायनरीतल्या टॉवरच्या तोंडाशी बसायचं आणि आत जाणाऱ्याच्या नावाचा बिल्ला फळ्यावर टांगायचा. बाहेर आल्यावर ज्याचा त्याने काढायचा. डिझेल आणि केरोसीन अधिक नीट वेगळं व्हावं म्हणून टॉवरमधल्या जुन्या थाळ्या काढून नालीदार पत्र्यांचे गठ्ठे बसवले होते. आज ते काम संपलं. झाकण लागलं की आतली हवा हाकलायला नायट्रोजन सोडणार होते; मग आत श्वास घेणं अशक्य.

काका म्हणजे सगळ्यांत जुने फिटर. बिल्ला काढायला हमखास विसरायचे. तीन आठवडे तीच तो चहाच्या वेळी खाली नेऊन द्यायची. घरी बाळाची टोपडी विसरत नाही, मग तुमचा बिल्ला कसा विसरेन, म्हणून चिडवायची. आज मात्र सासूबाईंचा फोन आला, बाळाचा ताप उतरत नव्हता. ती टॉवरकडे पाठ करून बोलत राहिली. फोन कानाला असतानाच मुकादमाने विचारलं, सगळे बाहेर ना? फळ्यावर एकच बिल्ला होता, काकांचा. तिने सवयीने तो काढला आणि मान डोलावली.

शेडमध्ये टॉवरच्या आत उतरणाऱ्या बारा जणांपैकी अकराजण चहा पीत होते. काकांचा कप पालथाच होता.

"काका कुठायत?"

"वरच असतील की. फडकं आत राहिलं म्हणून मघाशी परत गेले."

ती धावत सुटली. वर पोचली. तिने सरळ पान्यावरच हात ठेवला. मुकादमाने तिचा चेहरा पाहिला आणि पाना चालवणारा धडधडता कॉम्प्रेसर बंद करायला लावला.

आतून, खूप खालून, पत्र्यावर टकटक ऐकू आली.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ते तेलकट फडकं होतं. ओठ पांढरेफटक.

"बॅटरी गेली. अंधारात पाय कुठे ठेवणार? बसून राहिलो. आवाज दिले बरेच."

तिने मूठ उघडली. बिल्ल्याची कड तळव्यात रुतली होती.

"काका, मी..."

"टांग तो परत."

बिल्ला दोनदा खिळ्यावरून निसटला. तिसऱ्यांदा अडकला. मग काकांनी स्वतःच्या हाताने तो काढला, खिशात घातला, वरून चाचपून पाहिला.

"घरी फोन कर. ताप बघ उतरला का."

आणि तीस वर्षं एका हाताने चढलेली ती शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ते एकेक पायरी उतरू लागले.