नाण्याएवढी ढील

“रुक्माबाई, बघा की हो, आमच्या घरात ग्यारेज काढल्यात!” आप्पा उंबऱ्यावर बसून शेजारच्या भिंतीपलीकडं ओरडले. “बायामान्सं आता पाने घिऊन बसाय लागल्यात. आमी काय, नुस्तं बघायचं.”

मी त्यांच्यापासून चार हातांवर गाडीपाशी उकिडवी बसले होते. पण आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात. चौदा वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. चहा हवा असला तर भिंतीवरच्या घड्याळाला सांगतात, आमटीत मीठ कमी पडलं तर मांजराला. मीही काही कमी नाही. माझी उत्तरं शेगडीला किंवा केरसुणीला जातात.

“ग्यारेज ऐतवारी बंद आसतंय,” मी गाडीच्या टाकीला सांगितलं. “आन् उद्या साडेपाचला कुनाला तरी कामावर जायाचं हाय. बसून खानाऱ्यांना काय त्याचं!”

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे, सुबराव. वडगावात त्यांचे दोन माग होते, साड्यांचे. मी उचगावची, शेतकऱ्याची पोर. त्यांच्या मुलानं, विनोदनं, मला पसंत केलं आणि विणकराच्या घरात परजातीची सून आली, याचा आप्पांना जो राग आला तो अजून उतरायचा आहे. आमच्या लग्नाला ते आलेच नाहीत. पुढं सासूबाई गेल्या, माग भंगारात गेले, आणि तीन वर्षांपूर्वी विनोद काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. मी पांढऱ्या पायाची म्हणून त्यांचा मुलगा गेला असं त्यांचं म्हणणं. त्यांनी झाडपाल्याच्या औषधात आठ दिवस घालवले म्हणून माझा नवरा गेला असं माझं म्हणणं. दोघांनी हे एकमेकांच्या तोंडावर एकदा बोलून घेतलंय. त्यानंतर बोलण्यासारखं फार काही राहिलं नाही. तरी एका घरात राहतो, कारण दोघांनाही दुसरीकडं कुणी ठेवून घेणार नाही.

मी रक्ताचे नमुने गोळा करते, एका लॅबसाठी. पहाटे निघायचं, घरोघरी जायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं आणि नऊच्या आत नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. माझ्याकडं हिंडलग्याची लाइन होती. ही माणसं रात्रीपासून उपाशी असतात, चहासुद्धा घेत नाहीत, त्यामुळं उशीर म्हणजे शिव्या. पावसाळ्यात दोनदा उशीर झाला होता. लॅबच्या साहेबानं बजावून ठेवलं होतं, “आणखी एकदा कंप्लेंट आली तर लाइन दुसऱ्याला.” आणि नेमकी शनिवारी परतताना क्लचची केबल तुटली.

नवी केबल आणून ठेवली होती. कशी बसवायची ते फोनवरच्या व्हिडिओत तीनदा पाहिलं होतं. गाडी विनोदची. ती उभी असते ती जागा पहिल्या मागाची. फरशीवर मागाचे चार खुंट उपटल्याच्या खुणा अजून आहेत, त्यांच्यावर आता गाडीचं तेल सांडतं. तेही आप्पांना बघवत नाही.

मी हँडलवरची क्लचची दांडी सोडवून जुन्या केबलचं वरचं टोक काढलं. मग खाली इंजिनाकडचं. जुनी केबल टाकीखालून वळणं घेत गेलेली असते, ती नुसती उपटली तर नवी नेमकी कुठून घालायची ते कळत नाही. म्हणून नवीचं टोक जुनीला बांधायचं आणि जुनी हळूहळू ओढायची. बांधायला दोरा हवा होता. कोनाड्यात आप्पांनी जपून ठेवलेल्या सुताच्या कांड्या होत्या. मी त्यातली एक उचलली.

“सुताला हात लावल्यात बघा!” आप्पा घड्याळावर डाफरले. पण उठून आले, आणि मी दोन केबली बांधत होते ते बघत माझ्यामागं उभे राहिले. जुनी ओढत गेले तशी नवी टाकीखाली शिरली आणि बरोबर वाटेनं दुसरीकडं निघाली.

“हे तर आमचंच हाय,” आप्पा म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. “जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यास्नी नवा ताणा जोडायचा आन् फणीतनं वडून घ्यायचा. हितंबी तसंच.”

ते मांडी घालून खाली बसले. मी दोन्ही टोकं अडकवली आणि दांडी दाबून पाहिली. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं की दांडी आणि तिच्या बुडख्यात नाणं सरकेल एवढी ढील ठेवायची. मी दोन रुपयांचं नाणं घालून बघितलं, सरकलं. नट आवळला.

“ढिली ऱ्हायली,” आप्पा म्हणाले.

“तेवढी लागती.”

“ढिली ऱ्हायलीया म्हंतो न्हवं! ढिला धागा तुटतोय. चाळीस वर्सं ताणा लावलाय मी. डोळं झाकून तळवा फिरवला तर तीन हजार धाग्यांतला कुठला ढिलाय ते सांगत हुतो. शापूरचे मागवाले बोलवून न्यायचे.”

खरं होतं ते. आणि ते मला सांगत होते, घड्याळाला नाही. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की आप्पा, केबलीला ढील नसली तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि जळतो. एका वाक्याचं काम होतं. पण चौदा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्यासमोर मऊ होऊन बसला होता आणि मला त्याचं कुठं दुखतं ते माहीत होतं.

“ह्यो माग न्हवं,” मी म्हणाले. “माग गेला भंगारात.”

आप्पा उठले, कांडी घेतली आणि आत गेले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

सोमवारी पहाटे गाडी काढली तेव्हा दांडी कडक लागली. नवी केबल आहे, असेल, म्हटलं. लष्करी कॅम्पपर्यंत ठीक गेली. हिंडलग्याच्या अलीकडच्या चढाला मात्र इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी पुढं जाईना. गिअर उतरवला, मूठ पिळली. जळका वास आला आणि गाडी जागेवर उभी राहिली. उतरून मोबाइलच्या उजेडात बघितलं तर दांडीला ढील म्हणून नव्हती. मी आवळून ठेवलेला नट टोकापर्यंत फिरवलेला होता. रात्रीतून नट आपोआप फिरत नाही.

साडेसहाला हिंडलग्याहून फोन, “सिस्टर, आजोबा उपाशी बसल्यात, कवा येनार?” सातला त्याच घरून शिव्या. साडेसातला लॅबच्या साहेबाचा फोन. तो शिव्या देत नाही, शांतपणे बोलतो. “मॅडम, हिंडलग्याची लाइन आता आपला तो नवा मुलगा, स्वरूप, करेल. तुम्ही उद्यापासून दहाला या, आत लेबलं चिकटवायचं काम बघा.” बारा घरं होती माझ्या लाइनीत. कुणाची कुठल्या हाताची शीर सापडते ते मला पाठ होतं.

दुधाच्या टेम्पोत गाडी घालून घरी आले. आप्पा दारात तोंड धूत होते. गल्ली जागी झाली होती, आणि ती जागी होती म्हणूनच मी आवाज चढवला.

“मुद्दाम केलासा तुमी! मी घरातनं भाईर पडू नये म्हनून केलासा! पोराला खाल्लासा, आता माझी भाकरीबी खाल्लासा!”

रुक्माबाई भिंतीवरून वाकली. समोरचे दोघं-तिघं बाहेर आले. आप्पांनी माझ्याकडं नाही, गाडीकडं पाहिलं.

“काय झालं तिला?”

“जळली! तुमाला पायजे हुतं त्येच झालं. नटाला हात लावलासा का न्हाय, सांगा समद्यांसमोर!”

“लावला,” आप्पा म्हणाले. “मी ताणली.” आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण समोरच्या माणसांचे चेहरे बघून ते तांब्या घेऊन आत गेले.

गाडी ढकलत मष्णूच्या गॅरेजात नेली. मष्णूनं इंजिनाची बाजू उघडून काळ्या पडलेल्या प्लेटा माझ्यापुढं ठेवल्या.

“कुनी ताणली ही?”

“सासऱ्यानं. दावा साधला.”

मष्णू खाली वाकून बराच वेळ केबल बघत राहिला. “आक्का, दावा न्हाय ह्यो,” तो म्हणाला. “हे बघा, नट पुसून तेल लावलंय. आन् हितं केबल सांगाड्याला घासत हुती, तर सुतानं बांधलीया. गाठ बघा कशी बारीक हाय, नखाला लागत न्हाय. वाईट कराय आलेला मानूस एवढी निगा करतोय व्हय? म्हातारा मागावर हुता काय?”

“हुता.”

“मग झालं. वडगावातनं अशा चार गाड्या येत्यात वर्साला. ढिलं दिसलं की मागवाल्याचा हात ऱ्हात न्हाय. लई ताणत्यात, आन् क्लच घालवत्यात.”

मी गॅरेजातल्या टायरवर बसले. राग तर होताच, पण तो आता ठेवायचा कुठं ते कळेना. आदल्या दिवशी भांडलेला म्हातारा पहाटे माझ्याआधी उठतो, अंधारात चाचपडत गाडीपाशी बसतो आणि सुनेची केबल तुटू नये म्हणून ताणतो. चाळीस वर्षांत जे सगळ्यात चांगलं येत होतं ते त्यानं माझ्यासाठी केलं, आणि मी त्याला चव्हाट्यावर आणलं. मला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटायला लावली म्हणून त्यांचा पुन्हा राग आला.

दिवस मावळेपर्यंत गल्लीच्या तोंडी क्लचचे ब्रेक झाले होते. सुबरावनं सुनेच्या गाडीचे ब्रेक कापले, थोडक्यात वाचली बिचारी. आप्पा रोज संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसतात, जुने मागवाले असतात तिथं. त्या दिवशी पाच मिनिटांत परत आले. कट्ट्यावर काय झालं ते मी विचारलं नाही.

जेवायला वाढताना मी त्यांच्याशी बोलायचं ठरवलं. शेगडीकडं पाठ करून म्हणाले, “मष्णू सांगत हुता. केबलीचं ताण्यागत नसतंय. तिला थोडी ढील लागतीच. तुमाला ठावं नव्हतं, म्हनून झालं.”

आप्पांचा घास हातात राहिला.

“ताणायचं किती ते आता ह्यांच्याकडनं शिकायचं,” ते मांजराला म्हणाले, आणि भाकरी अर्धी टाकून उठले.

मंगळवारी नळाला पाणी आलं, चार दिवसांनी. एरवी मी त्या वेळी हिंडलग्यात असते, रुक्माबाईच माझ्या दोन घागरी भरून ठेवते. आता मला दहापर्यंत काही काम नव्हतं. गल्लीतल्या दहा-बारा बायका नळावर होत्या. मला बघून सगळ्यांची तोंडं कणवेनं वाकडी झाली.

“बाई गं, जपून ऱ्हा,” रुक्माबाई म्हणाली. “आज ब्रेक कापलं, उद्या जेवनात काय घालंल. माझ्याकडं झोपाय ये.”

मी कळशी नळाखाली ठेवली. म्हटलं, चारचौघांत घातलेला घाव चारचौघांतच भरला पाहिजे.

“आप्पांनी मुद्दाम न्हाय केलं,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “ब्रेकबी न्हाय आन् काय न्हाय. केबल ढिली दिसली म्हनून ताणली त्येंनी, चांगल्यासाठीच. त्येंचा अंदाज चुकला. त्यांना त्यातलं कळत न्हाय, एवढंच. मीच उगंच बोलले.”

मला हलकं वाटलं. तेवढ्यात मागं दार वाजलं.

आप्पा बाहेर आले होते. अंगात सदरा नव्हता, चष्माही नव्हता. कट्ट्यावरचे दोन म्हातारे शेजारच्या दारात उभे होते, त्यांच्याकडं एकदा बघून आप्पा नळापर्यंत चालत आले.

“खोटं बोलतीया ती,” ते म्हणाले. “मी मुद्दामच केलं. तिनं जाऊ नये म्हनून केलं. माझा अंदाज चुकंल व्हय? किती ताणल्यावर काय हुतंय ते मला ठावं न्हाय व्हय? समदं ठावं हुतं मला. जळावी म्हनूनच ताणली.”

रुक्माबाईनं पदर तोंडाला लावला. आप्पांचे दोन्ही हात मुठी वळून छातीशी होते आणि ते माझ्याकडं बघत होते. माझ्याकडंच, घड्याळाकडं नाही, मांजराकडं नाही. डोळ्यांत राग होता, आणि मी आता काय म्हणते याची भीती होती.

“व्हय,” मी बायकांना म्हणाले. “त्येंनीच केलं. मुद्दाम केलं.”

आप्पांनी मान हलवली आणि घरात गेले. माझी कळशी भरून वाहत होती. ती उचलून मी बाजूला झाले आणि पुढच्या बाईला नळ दिला.