पदर खोचा, आई

"स्नेहल, तुझ्या त्या डोळ्याला माझा डावा हात दिसंना झालाय बघ."

"पदर खोचा, आई," मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं. कढईत फोडणी होती, नजर तिच्यावरच होती.

"खोचलाय की गं."

"मग नीट खोचा."

त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. बाहेर टीव्हीवर खेळाचं संगीत सुरू झालं आणि दीक्षाच्या उड्यांनी फरशी दणाणायला लागली. मी आमटीत पाणी ओतलं.

डोळा म्हणजे टीव्हीवर बसवलेला कॅमेरा. माझा नवरा पृथ्वीराज गडहिंग्लजकडच्या साखर कारखान्यात नोकरीला आहे. तिथल्या एका मित्राकडून त्यानं दीक्षासाठी जुना गेमचा डबा आणला, त्याच्यासोबत हा कॅमेरा आला. "हे आता कोण घेत नाही, फुकट घेऊन जा," असं मित्र म्हणाला होता म्हणे. पृथ्वीराजसुद्धा म्हणाला, "रिमोटवर सगळं होतंय, ह्याचा उपयोग काय?" माळ्यावरच टाकणार होता. सासूबाईंनी अडवलं.

कारण रिमोटची बटणं त्यांच्या बोटांना कळायचीच नाहीत. लग्नानंतर त्या आजऱ्यात काजूच्या कारखान्यात लागल्या, त्या म्हातारपणीच बाहेर पडल्या. आधी टरफलं फोडायला, मग गर निवडायला. टरफलाच्या तेलानं बोटांची टोकं काळी पडली, कातडी कडक झाली. गरम पातेलं सांडशीशिवाय उतरवायच्या. मी काळजीनं बोलले की म्हणायच्या, "ह्या हातांना कवाच काय कळत न्हाय, तू कशाला जीव टाकतीस?" कॅमेऱ्याला मात्र बटण लागत नव्हतं. समोर उभं राहायचं, हात वर केला की पडद्यावरचा माणूस हात वर करतो. कोपऱ्यात रेघांची एक बारकी आकृतीही दिसते, आपण जसे हलू तशी हलणारी. पहिल्या दिवशी त्यांनी ती आकृती पाहिली आणि कमरेवर हात ठेवून खदाखदा हसल्या. "आगं, ही तर मीच, बयाबाई! हाडंच राहिल्यात नुसती!"

त्या दिवसापासून आजी-नातीचा रोजचा खेळ सुरू झाला. दीक्षा शाळेतून यायची, दूध प्यायची, की दोघी टीव्हीसमोर.

मला काळजी करायला कारण लागत नाही. घरातल्या कॅमेऱ्यातून कुणी परकं माणूस आपल्याला बघू शकतं, असं मी कुठंतरी वाचलं आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सासूबाईंनी हसून विचारलं, "चोराला आमच्या घरात काय बघायचं हाय? माझी लुगडी?" पण दुसऱ्या दिवशी दीक्षाच्या जुन्या झबल्यातून त्यांनी कॅमेऱ्याला एक टोपडं शिवून दिलं, लाल बंदांचं. खेळ संपला की त्या स्वतः ते बांधायच्या. "झोपला बाबा. आता तू पण झोप."

दीक्षानं टीव्हीच्या किती जवळ जायचं, त्याची पट्टी मी फरशीवर चिकटवली होती. तिचे डोळे, तिची मान, किती वेळ खेळली, सगळ्यावर माझं लक्ष. आणि पदरावर. सुटा पदर हलला की कॅमेरा त्यालाच हात समजायचा, नाहीतर खरा हात पदराआड हरवायचा. मी मॅक्सी घालायला सुचवलं तर म्हणाल्या, "नातीसंगं नाचीन, पण मॅक्सीवर न्हाय." तेव्हापासून 'पदर खोचा' हे घरात दिवसातून दहादा व्हायला लागलं. दीक्षासुद्धा आजीला दटावायची.

"मम्मी," आता तीच स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आज्जीनं पदर खोचलाय. मी बघितला. तरी येईना."

मी गॅस बारीक करून बाहेर आले.

पडद्यावर चेंडू येत होते, ते हातांनी अडवायचे. उजवीकडचे अडत होते. डावीकडचे सगळे सुटत होते. कोपऱ्यातल्या आकृतीचा उजवा हात वर, डावा खाली लोंबत. मी आधी टीव्हीच बघितला. कॅमेरा पुसला, जरा सरळ केला. दीक्षाला आजीच्या जागेवर उभं केलं, आकृतीचे दोन्ही हात वर. मी उभी राहिले, दोन्ही हात वर.

"आता तुम्ही या आई. दोन्ही हात वर करा."

आकृतीचा एकच हात वर गेला.

मग मी टीव्हीकडे पाठ केली आणि त्यांच्याकडे बघितलं. पदर कमरेला घट्ट खोचलेला होता. डावा हात जेमतेम कमरेपर्यंत आला आणि खाली गेला.

"आई, डावा."

"केलाय की वर!"

त्या वैतागून बोलत होत्या. खरंच वर केलाय असंच त्यांना वाटत होतं.

"आई, जरा हसा बघू."

"काय ही थेरं," म्हणून त्या हसल्या. अर्ध्या ओठांनी.

मी समोरच्या दारावर दोन्ही तळव्यांनी थापा मारल्या. शेजारीण संयोगिता बाहेर आली. शिवणकाम करते, गळ्यात टेप होती. तिनं सासूबाईंकडे एकदाच बघितलं. "वहिनी, गाडी काढतो मी. चप्पल बिप्पल राहू दे."

"मला काय धाड भरलीया?" सासूबाई दार धरून उभ्या राहिल्या, उजव्या हातानं. "हात झोपलाय नुसता. तेल कोमट कर, चोळ, येतोय जागेवर. कारखान्यात कितींदा झोपायचा."

"आई, चला."

"आमटी उतू जाईल."

"जाऊ दे!"

मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. त्यांनी दार सोडलं आणि त्या निघाल्या. लिफ्ट बंद होती. जिन्यावर डावा पाय प्रत्येक पायरीला मागे राहत होता. संयोगिता पुढून, मी मागून. दीक्षा दप्तर घेऊन निघाली होती, का कोण जाणे.

फुलेवाडीतून निघालो आणि रंकाळ्यावर अडकलो. संध्याकाळची गर्दी, भेळेच्या गाड्यांपुढे दुचाक्या आडव्यातिडव्या. संयोगितानं काच खाली करून हाका मारायला सुरुवात केली. "ओ पावणं, सरका की! पेशंट हाय आत!" मी पृथ्वीराजला फोनवर फोन लावत होते. मशिनच्या आवाजात त्याला फोन कधीच ऐकू येत नाही. सासूबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. पान खाऊन बोलल्यासारखे शब्द यायला लागले होते. "पोरीला भूक लागंल," एवढं कळलं.

दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, बोलणं भराभर. "अर्धांगाचा झटका दिसतोय. स्कॅनला पाठवतेय. ह्यांना शेवटचं ठणठणीत कधी बघितलंत?"

"आत्ता सहाच्या सुमाराला लक्षात आलं."

"लक्षात कधी आलं ते नाही. दोन्ही हात चांगले चालताना शेवटचं कधी बघितलंत?"

मी दुपार मागे मागे आठवू लागले.

"मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे," त्या म्हणाल्या. "सुरुवात होऊन चार-साडेचार तासांच्या आतच देता येतं. वेळ उलटल्यावर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अंदाजानं देता येणार नाही. नीट आठवा."

दुपारी जेवताना त्यांच्या हातातून तांब्या पडला होता. मी पुसून घेतलं होतं. कोणत्या हातातून? मग मी आतल्या खोलीत दार लावून ऑनलाइन शिकवणी घेत बसले. त्या झोपल्या असतील. दीक्षाला शाळेच्या रिक्षातून उतरवून घ्यायला त्याच गेल्या असतील. शिकवणी संपल्यावर मी थेट स्वयंपाकघरात. आता दवाखान्यात सात वाजून गेले होते. तांब्या पडला तेव्हाच सुरू झालं असेल, तर वेळ संपली होती.

"जेवायच्या वेळेपासून मी त्यांना नीट बघितलेलंच नाही," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि वळल्या.

"मी बघितलंय," दीक्षा म्हणाली. "आधीच्या खेळात आज्जीचे दोन्ही हात वर होते. ती जिंकली. गेमनं फोटो काढलाय की."

खेळ रंगात आला की तो कॅमेरा आपोआप फोटो काढतो. शेवटी ते दाखवतो, त्यात वेडेवाकडे चेहरे बघून दोघी हसतात. मला ते कधी कामाचं वाटलं नव्हतं.

"कोणता खेळ? किती वाजता?"

दीक्षाला घड्याळ अजून येत नाही.

संयोगितानं माझ्या हातातून किल्ली काढून घेतली आणि धावली.

स्कॅन होऊन आला. गुठळी होती, रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन काढून ठेवलं होतं, ते मला ट्रेमध्ये दिसत होतं. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघून गेल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. 

फोन वाजला. "वहिनी, टीव्ही चालूच हाय. फोटो कुठं बघायचं?"

मी फोन दीक्षाला दिला.

"काकू, पट्टीवर उभी राहा. हात वर कर. आता हात बाजूला सरकव."

"करतोय की! मला वळखंना तुमचा डोळा!"

"ओढणी बांध, काकू. कमरेला बांध."

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. "आं... आला. आला बघ. सरकायला लागलं."

मग दोन फोटो आले. टीव्हीच्या पडद्याचे, जरा हललेले. पहिल्यात सासूबाई तोंड उघडून हसत होत्या, दोन्ही हात डोक्याच्या वर, बोटं फाकलेली, काळी टोकंसुद्धा दिसत होती. त्या दोन हातांच्या मधोमध, मागच्या भिंतीवर, घड्याळ. काजूच्या कारखान्यानं निरोपाला दिलेलं, तबकडीवर भलामोठा पिवळा काजू असलेलं. मला ते कुरूप वाटायचं, आतल्या खोलीत लावू म्हणून मी किती मागे लागले होते. त्यांनी ते हॉलमधून हलू दिलं नव्हतं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या फोटोत एकच हात वर होता.

डॉक्टरीणबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. "घड्याळ बरोबर चालतं?"

"रोज रेडिओच्या बातम्यांना मिळवतात त्या."

"सही करा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पृथ्वीराज मध्यरात्रीच्या आत पोचला, अंगावर कारखान्याचेच कपडे. काचेतून आईकडे बघत राहिला. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "मी तो माळ्यावर टाकणार होतो."

सासूबाई घरी आल्या. बोलणं जागेवर आलं, चालणं काठी घेऊन का होईना आलं. डावा हात खांद्यापर्यंत वर जातो, तेवढाच. बोटं मिटतात, पकडत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, उशीर झाला असता तर एवढंही राहिलं नसतं. सासूबाई म्हणतात, "आता खरंच काय कळत न्हाय ह्याला."

व्यायाम टीव्हीसमोरच चालतो. खुर्चीत बसून चेंडू अडवतात. डावीकडचे अजून सुटतात. दीक्षा आपल्या बाजूचे सोडून आजीच्या डावीकडचे अडवायला धावते आणि शिव्या खाते. "माझं मला अडवू दे गं!" आकृतीचा डावा हात किती वर गेला, ते मी रोज दारात उभी राहून बघते. आधी त्यांच्याकडे, मग टीव्हीकडे.

खेळ संपला की टोपडं अजून त्याच बांधतात. मी एकदा पुढे झाले, तर हात झटकला. कॅमेरा मांडीवर घेतात, लाल बंदाचं एक टोक दातात धरतात, दुसरं उजव्या हातानं फिरवतात. गाठ बसायला बराच वेळ लागतो. आम्ही सगळे तोवर दुसरीकडे बघतो.

मला तुम्हाला एकच सांगायचंय. तुमच्या घरात कुणी असेलच, ज्यांना आपण सवयीनं 'पदर खोचा', 'नीट बसा', 'काही होत नाही' म्हणत असतो, आणि ते मग गप्प बसतात. वाचून झालं की उठा आणि त्यांच्यापाशी जा. त्यांना समोर उभं करा, दोन्ही हात वर करायला सांगा आणि हसायला सांगा. कॅमेरा लागत नाही. फक्त त्या वेळी दुसरीकडे बघू नका.