दार उचलून लावायचे

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, असे सांगितले तर आज तुम्ही मला वेड्यात काढाल. माझ्या निळ्या रंगात तोंड पाहून खुशाल भांग पाडावा, इतकी मी चकचकीत दिसते. येणारेजाणारे थांबतात, मोबाइलवर माझे फोटो काढतात. पण वरलिया रंगावर जाऊ नका. माझे वय माझ्या मालकांच्या मुलीहून जास्त आहे आणि ती मुलगी आता चष्मा लावते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. धडाधड ठोके, रंगाचा उग्र वास आणि रांगेत उभ्या असलेल्या माझ्यासारख्याच बहिणी, एवढेच डोळ्यांपुढे येते. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते दातांच्या एका डॉक्टरांनी मला घरी आणले तेव्हापासून. त्यांना गाडी काळी हवी होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या टपावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हीच घेऊ या. काळ्या गाडीतून दातांचा डॉक्टर उतरला तर पेशंट दारातूनच पळून जातील." डॉक्टर हसले, आणि मी त्यांच्या घरची झाले.

डॉक्टर मला तळहातावरच्या फोडासारखे जपत. सकाळी तेल बघायचे, पाणी बघायचे, मऊ फडक्याने काचा पुसायच्या. इंजिनाच्या मागची नळी डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते चक्क दात बघायचा लांब दांड्याचा आरसा बॉनेटमध्ये घालून बघत. पेशंटला म्हणावे तसे मलाही म्हणत, "आ करा बरं." डॉक्टरीणबाई खिडकीतून ओरडत, "अहो, तिची अक्कलदाढ सापडली तर तुमच्यासाठी ठेवून द्या!"

त्यांची मुलगी चिऊ. तिचे पाळण्यातले नाव वेगळे होते, पण ते शाळेच्या दप्तरावरच राहिले. तिला एक वाईट सवय होती. डॉक्टर गॅरेजच्या फाटकाला कुलूप लावेपर्यंत ती माझ्या पुढच्या उघड्या दाराला लोंबकळायची आणि झोके घ्यायची. डॉक्टर ओरडले, डॉक्टरीणबाईंनी धपाटे घातले, पण जित्याची खोड ती! शेवटी माझी बिजागरी ओघळली. तेव्हापासून माझे ते दार थोडे उचलल्याशिवाय लागेना. "उचल, मग लाव," हा त्या घरातला रोजचा मंत्रच झाला. पाहुणे तीनतीनदा दार आपटत आणि घरची माणसे एका हाताने, न बघता, अलगद लावत.

एकदा तर चिऊने कमालच केली. डॉक्टर दवाखान्याचे कुलूप काढायला गेले असताना तिने कंपासपेटीतले कर्कटक काढले आणि त्याच दाराच्या आतल्या अस्तरावर एक चिमणी कोरली. चिमणी कसली, बटाट्यालाच चोच फुटलेली! डॉक्टरांनी ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. मग तिला जवळ घेऊन म्हणाले, "गाडीला ओरखडे काढू नयेत, चिऊ. गाडी रागावते." मी मुळीच रागावले नव्हते. पुढे सिग्नलला थांबलो की डॉक्टरांचे बोट आपोआप त्या चिमणीवरून फिरू लागे.

मित्रांनो, आता रविवारच्या अड्ड्याबद्दल सांगायलाच हवे. बंद पडलेल्या एका पेट्रोल पंपाच्या आवारात दर रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचे शौकीन जमत. बेकरीवाले काका त्यांची लांब नाकाची काळी गाडी घेऊन येत. गॅरेजचे मिस्त्री स्वतःच्या हाताने जुळवलेली ठेंगणी लाल गाडी आणत. मग चहा आणि वाद! घट्ट तेल बरे की पातळ, पावसात गाडी झाकावी की उघडी ठेवावी, कुणाची गाडी चढावर धापा टाकते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा तिथला खरा नियम. बेकरीवाले माझ्याकडे बघून म्हणत, "डॉक्टर, गाडी झकास आहे हो, पण त्या दाराचं काहीतरी करा. भुवई उडवल्यासारखी दिसते." डॉक्टर म्हणत, "तुम्ही तुमच्या गाडीची तहान भागवा आधी. पेट्रोल पिते की आंघोळ करते?"

त्या अड्ड्याचा एक लेखी नसलेला कायदाही होता. मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. साधे बॉनेट उघडायचे झाले तरी आधी मालकाकडे बघायचे, त्याने मान डोलावली की मगच पुढे व्हायचे. हा कायदा कधी कुणी मोडला नव्हता.

वर्षे गेली. चिऊ शिकली, नोकरीला लागली. डॉक्टरीणबाईंची बाजूची सीट त्यांच्या बसण्याने खोलगट झाली. वायपर अडकला की त्या डॅशबोर्डवर जिथे चापट मारत, तिथला रंग उडाला. मग एके दिवशी त्या माझ्यातून रुग्णालयात गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्या संध्याकाळी डॉक्टर गॅरेजमध्ये माझ्यात एकटेच बसून राहिले. त्यांनी खोलगट सीटवर हात ठेवला आणि लहान मुलासारखे रडले. मला रडता येत नाही, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

त्यानंतर डॉक्टर हळूहळू विसरू लागले. आधी चष्मा, मग पेशंटची नावे, मग ओळखीचे रस्ते. एकदा ते मला घेऊन कितीतरी वेळ एकाच चौकाला वळसे घालत राहिले. चिऊने माझ्या किल्ल्या काढून घेतल्या आणि बाबांजवळ राहायला आली. पण एक दिवस असा उजाडला की नाश्त्याची बशी पुढे ठेवणाऱ्या लेकीला डॉक्टर म्हणाले, "ठेवा बाई तिथे. फार त्रास घेता तुम्ही." चिऊच्या पायांखालची जमीन सरकली. ती धावत गॅरेजमध्ये आली, माझ्या बॉनेटवर डोके टेकून हमसून हमसून रडली.

तिच्या मागोमाग डॉक्टरही आले. त्यांनी माझे दार उघडले, आत बसले, दार अलगद उचलून लावले. त्यांचे बोट त्या वेड्यावाकड्या चिमणीवरून फिरले. आणि काच खाली करून ते म्हणाले, "चिऊ, का गं रडतेस? बस, चक्कर मारून येऊ."

चिऊ बाजूच्या सीटवर बसली. मी जागची हलले नाही, पण दोघे कुठे कुठे फिरून आले! डॉक्टरीणबाईंच्या गोष्टी निघाल्या, शाळेतल्या निघाल्या. माझ्यातून उतरले की डॉक्टर पुन्हा तिला "बाई" म्हणू लागत. मग रोज संध्याकाळी चिऊ कामावरून आली की चहाचे दोन कप घेऊन गॅरेजमध्ये येऊ लागली. दिवसभर ती परकी असे. माझ्यात बसली की ती चिऊ असे. मित्रांनो, रस्त्यावर धावताना मला कधी इतका अभिमान वाटला नव्हता, तो त्या गॅरेजमध्ये उभ्याउभ्या वाटला.

आणि मग डॉक्टर न्हाणीघरात घसरून पडले. मांडीचे हाड मोडले. चिऊ रात्रंदिवस रुग्णालयात. बेकरीवाले आणि मिस्त्री तिला भेटायला गेले, तेव्हा बेकरीवाले म्हणाले, "किल्ल्या देऊन ठेव, पोरी. गाडी नुसती उभी राहिली तर गंजेल. आम्ही बघतो तिच्याकडे." तिचे अर्धे लक्ष डॉक्टरांच्या सलाईनकडे होते. तिने पर्समधून किल्ल्या काढून दिल्या.

हौसेला मोल नसते म्हणतात. त्या भल्या माणसांनी खरोखरच हात राखून काही केले नाही. मला मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेले. बेकरी लवकर बंद करून काका तिथे येत. पत्रा ठोकला, पोचे काढले, मला रंग दिला. खरे सांगते, रंगाचा पहिला हात बसला तेव्हा मलाही गुदगुल्या झाल्या. मग खोलगट सीट उचकटून नवी फुगीर सीट आली. डॅशबोर्ड नवा आला. मिस्त्री दाराशी आले आणि पाना हातात घेऊन घुटमळले.

"काका, डॉक्टरांना हे दार उचलून लावायची सवय आहे. एकदा विचारून घेऊ या?"

"विचारलं तर मग गंमत काय राहिली?" बेकरीवाले म्हणाले. "आणि सवय कसली, मिस्त्री? आयुष्यभर त्रास काढला त्या माणसाने. आता मोडक्या पायाने दार उचलत बसणार का?"

मिस्त्रींना ते पटले. मलाही ओरडून सांगता आले असते तर! हॉर्न होता माझ्याकडे, पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो. बिजागरी बदलली. चिमणीचे अस्तर निघाले, गुंडाळले गेले आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले. मिस्त्रींच्या आवारातून ती हातगाडी बाहेर पडेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

डॉक्टर घरी आले त्या दिवशी सगळा अड्डा दारात उभा होता. चिऊने त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणले. बेकरीवाल्यांनी माझ्यावरची चादर झटक्यात ओढली. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनीही टाळ्या वाजवल्या.

"वा! छान ठेवलीय हो. कुणाची गाडी?"

सगळे हसले. डॉक्टरांचे विसरणे या थराला गेल्याचे अड्ड्याला ठाऊक नव्हते, ते थट्टा करताहेत असेच त्यांना वाटले. चिऊ तेवढी हसली नाही. तिची नजर दाराकडे गेली होती.

"बाबा, आपलीच आहे. बसा ना आत," ती कशीबशी म्हणाली. दोघांनी धरून त्यांना आत बसवले. डॉक्टरांनी सवयीने दार वर उचलले. ते उचलले जाईना, कारण ते आता खाली ओघळलेच नव्हते. त्यांनी पुन्हा हात लावला, तर दार टक्कन बंद झाले. त्यांचे बोट अस्तरावरून फिरले. एकदा, दोनदा, खालून, वरून. सगळे गुळगुळीत.

मग ते शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाले, "बाई, तुमची गाडी फार चांगली आहे. पण मला आमच्या गाडीपाशी सोडता का? आमची चिऊ शाळेतून सुटली असेल. वाट बघत उभी राहील पोर."

"बाबा, मीच चिऊ."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिले आणि फार प्रेमाने विचारले, "तुमचंही नाव चिऊ?"

अड्ड्यातले कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. बेकरीवाले माझ्या मडगार्डला धरून खाली बसले. मिस्त्री मात्र तिथून निघाले ते तडक भंगारवाल्याकडे. दुकानामागून दुकान त्यांनी पालथे घातले. सीट नाही, डॅशबोर्ड नाही, अस्तराचा तुकडाही मिळाला नाही. करायला गेले एक आणि होऊन बसले भलतेच.

चिऊने धीर सोडला नाही. दुसऱ्या संध्याकाळी ती चहाचे कप घेऊन आली, सोबत कर्कटक आणले. डॉक्टरांना जागेवर बसवून तिने दाराच्या नव्या अस्तरावर चिमणी कोरायला घेतली. मोठ्या माणसाचा हात तो! चिमणी सुरेख उमटू लागली, अगदी चिमणीसारखी. तिने मुद्दाम रेघ वाकडी केली, पोट फुगवले. डॉक्टर अस्वस्थ झाले. त्यांनी तिचा हात हळूच धरला.

"दुसऱ्यांच्या गाडीला ओरखडे काढू नयेत, बाई. मालक रागावतील."

आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला, अस्तरावर फुंकर घातली आणि ती चिमणी पुसून काढायचा प्रयत्न करू लागले. माझ्या इंजिनात कुठेतरी काहीतरी तुटल्यासारखे झाले, पण मिस्त्री म्हणतात की सगळे ठीक आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू अवश्य जपा. तेलपाणी करा, गंज येऊ देऊ नका. पण एखादा पोचा काढण्याआधी, एखादा डाग पुसण्याआधी, ज्याची वस्तू आहे त्याला एकदा विचारा. तुम्हाला जी खोड वाटते, तिला धरून कुणी घरी परतत असेल. माझ्यावर माया करणारीच माणसे होती ती. फक्त विचारायचे राहून गेले.

डॉक्टर अजून रोज संध्याकाळी माझ्यात येऊन बसतात. परक्याच्या गाडीत बसावे तसे अंग चोरून बसतात. उतरल्यावर दार लावताना मात्र त्यांचा हात अजून वर जातो आणि रिकामाच खाली येतो. चिऊ त्यांना घरात झोपवते आणि पुन्हा गॅरेजमध्ये येते. माझे दार सताड उघडते. चष्मा काढून बॉनेटवर ठेवते, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरते आणि पाय उचलून त्याला लोंबकळते. केस पिकू लागलेली बाई, लहान मुलीसारखी.

परवा मिस्त्री फाटकातून आत आले, त्यांनी ते पाहिले. घसा खाकरून म्हणाले, "चिऊताई, बिजागरी नवी आहे. अशी नाही ओघळायची. वर्षं लागतील."

"लागू देत," ती म्हणाली, आणि तिने पाय पुन्हा उचलले.

मित्रांनो, तेवढी वर्षे डॉक्टरांकडे नाहीत, हे तिला कळते आणि मलाही कळते. पण ती लोंबकळते तेव्हा मीही जीव एकवटते. लोखंडाला जेवढे वाकता येते, तेवढे मी वाकून बघते.