पुन्हा तीच दोन वर्षं

माझा धाकटा भाऊ वर्डेल तुरुंगातून सुटला, पण मोकळा झाला नव्हता. पुढची काही वर्षं त्याच्यावर सरकारी देखरेख होती. दारूला शिवायचं नाही आणि रॅपिड सिटीतल्या सुधारगृहात राहायचं, ते विचारल्याशिवाय सोडायचं नाही.

मार्चमध्ये अर्डिस मावशी गेली. आईमागं तिनंच आम्हाला वाढवलं होतं. वर्डेलनं परवानगी मागितली, पण त्याच्या देखरेखीचा अधिकारी रजेवर. मग तो कुणाच्या तरी ट्रकमधून आमच्या रिझर्व्हेशनवर, आम्हा आदिवासींच्या राखीव मुलखात आला, रात्रभर शवपेटीपाशी बसला आणि माती झाल्यावर प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याला धरून नेलं.

न्यायाधीश म्हातारे होते, बोलायला मऊ. "तुला दारूनं पोखरलंय, बाळा. तुरुंगात ती सोडवायचे वर्ग आहेत. ते पुरे व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन वर्षं देतोय."

एरवी अशा चुकीला सहा-आठ महिने मिळतात. सरकारनं दिलेल्या वकील हॉलंडबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "उपचारासाठी म्हणून शिक्षा वाढवता येत नाही, कायदाच आहे तसा. आपण अपील करू."

अपील वरच्या कोर्टात पडून राहिलं. वर्डेल फोनवर हसायचा, "ताई, त्या वर्गात अजून जागाच नाही गं. माझ्यापुढं अख्खी पलटण आहे. सुटेपर्यंत नंबर लागला तर बघू!"

वर्ष होत आलं, तेव्हा हॉलंडबाईंचा फोन आला. आम्ही जिंकलो होतो. शिक्षा रद्द! मी तळलेल्या पावांचा ढीग घातला. चुलतभाऊ क्लेमंट म्हणाला, "येऊ दे भामट्याला. माझं खोगीर नेलंय त्यानं." हसता हसता त्याचे डोळे भरले.

पण शिक्षा नव्यानं ठरवायची होती, आणि तीही त्याच न्यायाधीशांनी.

या वेळी ते कागदावरून सावकाश वाचत होते. "उपचाराचा विचार मी पूर्णपणे बाजूला ठेवतो. आरोपीनं कोर्टाचा विश्वास मोडला. दोन वर्षं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. वर्डेलनं मान वर केली नाही.

"परत अपील करा," मी हॉलंडबाईंचा हात धरला.

"करता येईल. पण भोगलेलं वर्ष यात धरलं जाईल; उरलेल्या वर्षात निकाल लागेतो तो सुटलेला असेल. मग कोर्ट म्हणेल, आता ठरवायला उरलंय काय?" त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "आणि सुटल्यावर पुन्हा देखरेख आहेच."

"म्हणजे आपण जिंकलो ते काय?"

त्या कागद आवरून बॅगेत भरू लागल्या.

बेड्या घालून नेताना वर्डेल दारात क्षणभर थांबला. "ताई, अंधार पडायच्या आत नीघ. रस्त्यावर बर्फ आहे." शिपायानं त्याला दंडाला धरून आत नेलं.

घरी क्लेमंट ओसरीवर उभा होता. मी गाडीतून एकटीच उतरले. आत जाऊन त्यानं वर्डेलसाठी टाकलेली गादी गुंडाळायला घेतली.