गुणाजीचं नाक

नागावच्या वाड्यांमध्ये माडी काढणारे पुष्कळ झाले, पण नाक होतं ते एकट्या गुणाजीला. बाकीच्यांना नुसती श्वास घ्यायची भोकं. माडाच्या शेंड्यावर बसून गुणाजी सांगायचा, आज रेवसच्या धक्क्याला लागलेल्या लाँचीत मोगऱ्याची टोपली आहे, आणि टोपलीवाल्या बाईनं सकाळी कांदा खाल्लाय. रेवस इथून चांगलं तीस किलोमीटर. कुणी हसलंच तर म्हणायचा, जाऊन विचारून ये. आता कांद्यासाठी तीस किलोमीटर कोण जातंय? त्यामुळे गुणाजी आजवर एकदाही खोटा ठरला नव्हता.

पण थापांच्या बुडाशी सोनं होतं, हेही खरं. मडक्याला नाक लावून तो सांगायचा, माडी कुठल्या माडाची, तिची पोय, म्हणजे फुलोरा, कधी छाटली, मडकं धुणारा आळशी होता की कामाचा. त्याची एकुलती एक लेक राही पाच वर्षांची असल्यापासून त्याच्या मांडीवर बसून, डोळे मिटून मडकी हुंगायची. अक्षरं ती नंतर शिकली.

मोठी झाल्यावर राही मुंबईत एका मोठ्या हॉटेलात वाढपाच्या कामाला लागली. तिथल्या साहेबांनी तिचं नाक हेरलं आणि तिला सोमेलिएच्या शिक्षणाला घातलं. सोमेलिए म्हणजे काय, हे गावाला समजावण्याचं काम अर्थात गुणाजीनं घेतलं. "वाइनचा वैद्य. बाटलीची नाडी बघायची, आणि गिऱ्हाइकाच्या ताटाशी तिची पत्रिका जुळवायची." परीक्षा तीन भागांत होती. पहिला लेखी, दुसरा बाटली उघडून रीतसर वाढायचा. तिसरा सगळ्यात अवघड: चार ग्लास पुढे येणार, बाटली दिसणार नाही, वासावरून आणि चवीवरून द्राक्ष सांगायचं, देश सांगायचा, आणि वाइन चांगली आहे की बिघडलेली तेही. पास झालं की कोटावर बिल्ला आणि हातात प्रमाणपत्र.

राहीला सुट्टी सोमवारची. दर सोमवारी ती पहिल्या लाँचीनं यायची. हॉटेलात उरलेली वाइन साहेबांना सांगूनच औषधाच्या छोट्या बाटल्यांत भरून आणायची. ओटीवर तीन ग्लास मांडायचे, आधी तिनं हुंगायचं, वहीत लिहायचं आणि वही पालथी घालायची. मग गुणाजीनं हुंगायचं आणि बोलायचं. त्यानं वाइन आयुष्यात पाहिली नव्हती, द्राक्षांची नावं त्याच्या जिभेला वळत नव्हती, पण तो म्हणायचा, ह्यात करवंद हाय, हे उन्हात राहिलेलं दिसतंय, हे थंड गावचं. वही उलटी केली की निम्म्याहून जास्त तेच निघायचं. राही हरखून जायची. वर्गात सगळे इंग्रजी शाळांतले, परदेशी फळं खाऊन मोठे झालेले; पण त्यांच्या घरी गुणाजी नव्हता.

आणि गुणाजीला नाक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तो माडावरून पडला होता. पडला तो एका ठेंगण्या माडावरून, इतका ठेंगणा की सांगायची लाज वाटावी, म्हणून तो साठ फूट सांगायचा. डोक्याची मागची बाजू आपटली. अलिबागच्या दवाखान्यात आठ दिवस काढले, हातपाय धड परत आले. चौथ्या दिवशी बाई फिनेलनं लादी पुसून गेली आणि गुणाजीला वाटलं, साध्या पाण्यानंच पुसली. पाचव्या दिवशी त्यानं बायकोकडून, कृष्णाबाईकडून, मुद्दाम सुकी मच्छी आणवली, पुडीत तोंड खुपसलं आणि पुडी गुपचूप मिटली. कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. जन्मभर खोटं बोलायला त्याला काडीचं अवघड गेलं नव्हतं; हे एक खरं मात्र तोंडातून निघेना. नाक गेलं तर गुणाजी म्हणून उरलं काय?

राहीची परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा शेवटच्या सोमवारी तिनं एक तांबडी वाइन आणली. हुंगली, पुन्हा हुंगली, ग्लास खाली ठेवला. वर्गात सांगितलं होतं, बाटलीच्या बुचाला रोग असला की वाइनला ओल्या गोणपाटाचा, भिजल्या पुठ्ठ्याचा वास येतो. अशी वाइन ओळखली नाही तर परीक्षा तिथेच संपली. राहीनं विचारलं, "बाबा, हिच्यात खोट आहे का रे?"

गुणाजीनं ग्लास नाकाशी धरला आणि लेकीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर भीती होती. त्याला वाटलं, परीक्षेची असणार. पोरीला धीर द्यावा.

"बेस हाय," तो म्हणाला. "धुतलेलं मडकं सावलीत वाळलं की असाच वास येतो. ही मातीची वाइन हाय गो, खोट न्हाय."

राहीनं वहीत 'गोणपाट' लिहिलं होतं. तिनं ते खोडलं आणि 'माती, चांगली' लिहिलं.

परीक्षेत तिसऱ्या ग्लासाला तोच वास आला. राहीनं क्षणभरही वेळ न घालवता मडक्याची माती सांगितली. बाकी तीन ग्लास तिनं देशासकट ओळखले होते, परीक्षकांनी मान डोलावली होती. तिसऱ्याला त्यांनी पेन खाली ठेवलं. बिघडलेली वाइन गिऱ्हाइकापुढे चांगली म्हणून ठेवणाऱ्याला बिल्ला देत नसतात, एवढंच ते म्हणाले.

ती घरी आली ती सामान घेऊनच. रडणं लाँचीत उरकून आली होती. उरणला मामेभाऊ दीपेशचं ट्रकांचं ऑफिस होतं, तिथे बसायला माणूस हवा होता. पहिल्या तारखेपासून जाते म्हणाली. कृष्णाबाईनं परीक्षेला पुन्हा बस म्हटलं, सहा महिन्यांनी संधी असते. राहीनं मान हलवली.

"आई, बाबानं मला चांगल्या मातीचा वास दाखवला होता. परीक्षेत बिघडलेली आली, तर मला दोघींतला फरकच कळला नाही. ज्याला तो कळत नाही त्याला नाकच नाही. उगाच दोन वर्षं घातली."

गुणाजी ओटीवर होता. त्याला सगळं ऐकू आलं. लेक त्याच्यावर रागावली असती तर बरं झालं असतं; ती त्याच्यावर विश्वास ठेवून बुडत होती. दोन दिवस त्यानं माडीच्या मडक्यांकडे पाहिलं नाही, कुणाला थाप मारली नाही. शेजारच्या तुळशीरामला वाटलं, ताप आला.

तिसऱ्या दिवशी राही ग्लास कागदात गुंडाळत होती. गुणाजी समोर येऊन बसला आणि म्हणाला, त्या दिवशीची वाइन बिघडलेलीच होती. तू बरोबर होतीस. मला वास येत न्हाय. माडावरून पडलो तेव्हापासून काय सुद्धा येत न्हाय.

राही हसली. किती दिवसांनी हसली. "बाबा, माझ्यासाठी एवढी मोठी थाप नको मारू. मोगऱ्याची टोपली बरी होती."

गुणाजीनं देवाशप्पथ सांगितलं. त्या शपथेवर त्यानं साठ फूटही सांगितले होते. शेवटी त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांवर घट्ट बांधला आणि म्हणाला, परसात जा, हवं ते आण, नाकाशी धर.

माडांच्या मुळाशी घालायला परसात एका डब्यात मासळीची घाण कुजत ठेवली होती. त्या डब्याचं झाकण उघडलं तर वाऱ्याच्या दिशेची कोंबडी अंडं द्यायचं विसरत असे. राहीनं तोंडावर ओढणी बांधली, डबा आणला आणि बापाच्या नाकाखाली धरला. आत चुलीपाशी कृष्णाबाई खोकायला लागली. राहीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गुणाजी हसतमुख, मान किंचित पुढे काढून बसला होता. बराच वेळ गेला.

"आण की गो," तो म्हणाला. "किती वाट बघायची?"

राहीनं डबा खाली ठेवला. तो अजून मान पुढे काढून बसलेला. मग तिनं त्याच्या डोळ्यांवरचा टॉवेल सोडला आणि विचारलं, की मग एवढे सोमवार तो कसा सांगत होता, करवंद कुठून आणत होता.

"तुझं तोंड वाचायचो," गुणाजी म्हणाला. "थंड गावची असली की तू खांदे आवळतेस. करवंद असलं की लहानपणी चोखायचीस तशी जीभ दाताला लावतेस. सगळं तूच सांगायचीस. मी नुसता बोलायचो."

म्हणजे जे बरोबर यायचं ते सगळं तिचंच होतं. राहीला आनंद व्हायला हवा होता. तिनं ओढणीनं तोंड झाकलं आणि गुडघ्यांत डोकं घातलं. "म्हणजे मी एकटीच होते रे," ती म्हणाली.

गुणाजीनं डब्यावर झाकण ठेवलं आणि डबा परसात नेऊन ठेवला.

राही उरणला गेली नाही. मुंबईला परत गेली आणि सोमवारी पुन्हा यायला लागली, पण आता ती ओटीच्या कडेला, वाडीकडे तोंड करून बसायची. गुणाजीच्या वाट्याला तिची पाठ. राग नाही, असं तिनं आईला सांगितलं. त्याच्याकडे तोंड केलं की अजून वाटतं, तो सांगेल. सहा महिने गुणाजीनं तिची वेणी पाहिली.

ती पास झाली. बिल्ला लावून आली, उरलेली नव्हे तर अख्खी बाटली घेऊन, आणि या वेळी समोर बसली. गुणाजीनं घोट घेतला आणि सवयीनं वर पाहिलं. पण गिऱ्हाइकापुढे चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हेही तिला शिकवलं होतं. चांगलं शिकवलं होतं.

"आंबट हाय," तो म्हणाला.

"हो बाबा. आंबट आहे."

कृष्णाबाईचा सोमवारचा उपास होता. वासानं काही उपास मोडत न्हाय, असं म्हणत तिनं दुसरा ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि थबकली. जांभूळ वाटतंय, म्हणाली. राही तिच्याकडे सरकली. आणि त्याच्या मागून काय, आई, तिनं विचारलं. मागून लाकडासारखं काहीतरी, नव्या पेटीचं, कृष्णाबाई म्हणाली. दोघींची डोकी एका ग्लासावर वाकली, आणि राहीचा चेहरा आईकडे उघडला, पण गुणाजीच्या जागेवरून तो दिसत नव्हता.

 त्यानं आपला ग्लास खाली ठेवला आणि हळूच विचारलं,

"अजून काय येतंय गो?"