सोळा मात्रा आणि एक नाव

मित्रांनो, मी एक जुनी काळी तबकडी आहे. तबकडीला मान नसते, नाहीतर तुमच्याशी बोलताना ती खाली गेली असती.

माझ्यावर जॅझ संगीत आहे. पाच सुरावटी, पाचही नव्या, पाचही लीथ गॅरिगनने स्वतः बांधलेल्या. लीथ उभा बास वाजवायचा. माणसापेक्षा उंच, ढेरपोटं, चार जाड तारांचं ते वाद्य. बास वाजवणारा सहसा मागेच उभा असतो. या वेळी मात्र लीथ म्होरक्या होता, म्हणून माझ्या वेष्टनावर त्याचा फोटो सगळ्यात मोठा आहे.

मेलबर्नच्या फुट्सक्रे भागातल्या एका बोलिंग क्लबात, १९७८ सालच्या एका रविवारी दुपारी माझा जन्म झाला. बाहेर हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं गोळे घरंगळवत होती आणि आत शंभरेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. नीट ऐकलंत तर माझ्या दुसऱ्या सुरावटीत एक बाळ रडतं आणि त्याची आई 'श्श' करते. तिचा जीव किती कासावीस झाला असेल, ते त्या एका 'श्श'मध्ये कळतं. तेव्हाच्या ध्वनिमुद्रणाच्या फितीवरून पुढे साचा झाला. त्या साच्यातून गरम पापडासारख्या निघालो आम्ही, मी आणि माझ्या चारशे नव्व्याण्णव बहिणी.

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगते.

अशा मैफलीत एक रीत असते. शेवटची सुरावट चालू असतानाच म्होरक्या एकेका साथीदाराचं नाव घेतो. ज्याचं नाव येतं तो चार घटका मिरवून घेतो, थोडं एकट्यानं वाजवतो, आणि टाळ्या पडतात. ड्रमवाल्याचं नाव बहुतेक शेवटी येतं, कारण त्याचा हात थांबला तर सगळंच थांबेल.

लीथ एका हातानं तार छेडत माइककडे वाकला. पियानोवर अ‍ॅव्हरिल स्टॉट. टाळ्या. सॅक्सोफोनवर मर्व्ह टली. टाळ्या. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आणि तू कोण रे?" हशा पिकला. लीथलाही हसू आलं. "मी? मी लीथ गॅरिगन. हे कपाट ओढत आणणारा हमाल!"

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला आणि त्यात चार्ली वसालोचं नाव राहून गेलं.

चार्ली ड्रमवर होता, लीथच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. टाळ्या ओसरल्या तेव्हा बाकी सगळे श्वास घ्यायला थांबले होते. चार्ली एकटाच वाजवत राहिला. झांजेवर तारांचा ब्रश फिरवत, अगदी हलक्या हातानं. दाराशी उभं राहून कुणी आत बोलवायची वाट पाहावी, तसा. सोळा मात्रा तो तसा वाजवत थांबला. मग लीथनं मान डोलावली आणि सगळे मिळून शेवटाकडे धावले.

एका वर्तमानपत्रानं लिहिलं, 'अखेरच्या सोळा मात्रांत ड्रमवादकाने दाखवलेला संयम केवळ अप्रतिम.' माझं त्या वर्षी खूप कौतुक झालं. मित्रांनो, तो संयम नव्हता. तो माणूस स्वतःचं नाव ऐकायला थांबला होता, आणि मी त्याचं ते थांबणं घेऊन दुकानादुकानांत मिरवत होते.

लीथ मला स्वतः चार्लीच्या घरी घेऊन गेला. चार्लीचे आईवडील माल्टाहून आलेले. टेबलावर रिकोटा चीज भरलेल्या गरम पास्तिझी, म्हणजे माल्टाच्या करंज्या, होत्या. लीथनं एकीलाही हात लावला नाही.

"तो रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, उद्या ये, नुसतं नाव बोल, मी आत जोडून देतो," लीथ म्हणाला. "मीच नको म्हटलं. जिवंत मैफल ती जिवंत. नंतर टाके घालायचे म्हणजे खोटेपणा. चार्ली, तुला पटतं ना?"

"पटतं की," चार्ली म्हणाला.

"याला काय, उद्या याची तंगडी कापलीत तरी पटेल," त्याची बायको डोरिस म्हणाली. "लीथ, तुम्हा लोकांना खोटेपणा चालत नाही. विसराळूपणा चालतो वाटतं?"

चार्लीनं मला बाहीनं पुसलं आणि फडताळात ठेवलं.

त्यांची मुलगी रोमिना सात वर्षांची होती. ती मला रोज लावायची आणि शेवटच्या सुरावटीला कान अगदी जवळ आणायची. लहान मुलांना वाटतं, तीच गोष्ट पुन्हा ऐकली की या वेळी वेगळी होईल. अ‍ॅव्हरिल यायची, मर्व्ह यायचा, लीथ यायचा. मग ब्रशचा आवाज. पोर श्वास रोखायची, आणि मी तिला दर वेळी तेच रिकामं ताट वाढायचे.

एक दिवस तिनं विचारलं, "पापा, तू नव्हतास का तिथे?"

"होतो की गं. सगळ्यात मागे."

"मग लीथकाकाला तू दिसला नाहीस?"

चार्लीनं सुई उचलून ठेवली. पुढच्या रविवारी लीथनं वाजवायला ये म्हणून फोन केला तेव्हा ट्राम चालवणारा चार्ली म्हणाला, "ट्रामवर ड्युटी आहे रे." त्याच्यापुढच्या रविवारीही ड्युटी निघाली. लीथ काय समजायचं ते समजला, आणि लाजेनं त्यानं फोन करणंच सोडलं. भांडण झालं असतं तर कदाचित मिटलं असतं.

मग मी विसरले गेले. एका जानेवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, खिडकीतल्या उन्हानं माझी कड वाकली. डोरिस गेली. रोमिना मोठी झाली, आई झाली, तान्ह्या लेकीला घेऊन बापाजवळ राहायला आली. चार्लीचे हात आता कापत. पेलाही धरवत नसे. बाळाला मांडीवर देताना रोमिना आपले दोन्ही हात खाली धरून ठेवी.

तिनं एकदा मला लावलं आणि तिला दिसलं: ते ब्रश वाजू लागले की पापांची बोटं खुर्चीच्या हातावर तोच ठेका धरतात. तिनं त्याच दिवशी फोन केला. "लीथकाका, तू विसरलास ते मी विसरलेले नाही. पापा आहेत तोवर ये."

लीथ सकाळी आला. काठी टेकत, हातात लॅमिंग्टन केकचं खोकं, आणि दारातच उभा.

"कोण आलंय?" चार्ली आतून ओरडला. "नाव सांगितल्याशिवाय आत यायचं नाही!"

लीथचा चेहरा पडला. चार्ली मात्र हसत होता.

रोमिनानं मला लावलं. टाळ्या ओसरल्या. ब्रश सुरू झाले. लीथनं आधी केकचं खोकं खाली ठेवलं, मग तोंड उघडलं. नाव बाहेर पडलं तोवर सगळे शेवटाकडे धावले होते.

"उशीर!" चार्ली म्हणाला. "अरे, सोळा मात्रा दिल्या होत्या, त्याही पुरेनात? रोमिना, पुन्हा लाव."

घाईत सुई घसरली, मला ओरखडा पडला. पडू दे. या वेळी पाचव्या मात्रेवर लीथ उभा राहिला आणि माइकशिवाय, घर भरेल अशा आवाजात म्हणाला, "आणि ड्रमवर, माझा मित्र, कार्मेनु वसालो!" चार्लीचं माल्टातलं खरं, पूर्ण नाव. त्या नावानं त्याला फक्त त्याची आई हाक मारायची.

आणि रीतीप्रमाणे, ज्याचं नाव आलं त्यानं वाजवलं. दोन बोटांनी, खुर्चीच्या हातावर. हाताचं कापणंही ठेक्यात घेतलं त्यानं. रोमिना टाळ्या वाजवत होती, आणि तिचे डोळे बापाच्या बोटांवरून हलत नव्हते.

त्या दोघांचं मिटलं. माझं कसं मिटणार? लीथ गॅरिगन त्या दिवशी खोलीत बोलला. माझ्या खाचांत नाव नाहीच. मला पुन्हा फिरवलंत तर मी पुन्हा तशीच विसरेन.

म्हणून मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, कडेनं धरा, ते तर कराच. पण माझी एखादी बहीण कुठे सापडली, तर शेवटच्या सुरावटीपर्यंत थांबा. टाळ्या ओसरतील, हलके ब्रश वाजू लागतील. घाई नको, सोळा मात्रा आहेत. तेवढ्यात त्याचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या.

मला ते येत नाही.